सात हजार आठशेचा लिहिणारा

जानेवारी संपत आला होता, सकाळी गॅसचा नंबर लावायला म्हणून बायकोने माझा मोबाइल घेतला आणि तिथूनच हाक मारली, "अहो, हे सात हजार आठशे कोणाला दिले तुम्ही?" मी खरंच आठवत बसलो, कागदाच्या रिमचे दिले का, टोनरवाल्याचे राहिले होते का, का पत्रिका छापणाऱ्याने जुना हिशोब काढला. अमळनेरला कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, तिथे पैसा दोन-दोन, पाच-पाच रुपयांनी येतो, त्यामुळे सात हजार आठशे एका रात्रीत कसे जातील हे आमच्या डोक्यात बसतच नाही. मग तिने नाव वाचून दाखवलं, इंग्रजी नाव, आणि माझ्या पोटात गोळाच आला.

झालं असं होतं की पोरगी संक्रांतीला पुण्याहून आली होती. मी एका श्रद्धांजलीच्या बॅनरचा मजकूर घेऊन अर्धा तास झटतोय हे बघून ती म्हणे, "पप्पा, किती त्रास करून घेता, हे एआयचं ॲप टाकून देते, सगळं लिहून देतं, सात दिवस फुकट आहे." तिने टाकलं, मी पिन दाबला. किंमत मोठ्या अक्षरात होती, महिना साडेसहाशे. त्याच्याखाली फिकट राखाडी रंगात, आमच्या दुकानात मी गिऱ्हाईकाला सहा पॉइंटच्या खाली छापून देत नाही त्याच्याहून बारीक, लिहिलेलं होतं की वर्षाचे पैसे एकदम घेतले जातील. सात दिवस झाले आणि घेतले. बरं, गुपचूप घेतले असं पण म्हणता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ऑटोपेचे पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज यायला पाहिजे, आणि तो आला होता, लोनच्या ऑफर आणि वीजबिलाच्या मेसेजच्या मध्ये बसलेला होता बिचारा. पंधरा हजाराच्या आतली रक्कम असली की दर वेळी ओटीपी लागत नाही, पहिल्यांदा मँडेट, म्हणजे परस्पर पैसे कापायची परवानगी, दिली की दिली. म्हणजे नियमाने सगळं बरोबर, आणि मी सात हजार आठशेने मोकळा.

बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त महाग पडतं.

मग मी ठरवलं, आता पैसे गेलेच आहेत तर निदान ज्याला दिले त्याचं घर तरी बघू. आपल्याकडे स्थळ आलं की पोरगा काय करतो हे नंतर, आधी मूळ गाव कोणतं, भाऊबंदकी काय, शेत कोणाच्या नावावर. आणि अमळनेरच्या माणसाला तर कंपनीचं मूळ शोधायची खोडच आहे. ज्या विप्रोला जग कॉम्प्युटरची कंपनी म्हणून ओळखतं ती इथे, आमच्या गावात, डिसेंबर १९४५ मध्ये महम्मद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपासाठी काढलेली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्याचा साबण. १९६६ मध्ये ते वारले तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे, अमेरिकेत शिकत होते, शिक्षण सोडून आले आणि पुढे त्या तुपाच्या कंपनीची कॉम्प्युटर कंपनी झाली. गावातल्या बऱ्याच लोकांकडे तिचे शेअर होते, ज्यांनी ठेवले ते कोट्यधीश झाले हे सगळ्या देशाच्या पेपरात आलेलं आहे. आता गंमत अशी की गावात ज्याला विचाराल तो सांगतो, आमच्या आजोबांकडे पण होते हो, आत्याच्या लग्नात विकले. इतक्या आत्यांची लग्नं त्या शेअरवर झालीयेत की विचारू नका. आमच्या आजोबांकडे नव्हते. हे मी खरं सांगतो, त्यामुळे कोणाला पटत नाही.

तर मुद्दा काय, तुपाच्या डब्यातून सॉफ्टवेअर निघालेलं आम्ही बघितलंय, म्हणून लिहून देणारी कंपनी कशातून निघाली असेल ह्याची उत्सुकता होती. रात्री दुकान बंद करून दोन-तीन दिवस वाचत बसलो.

सगळ्यात आधी ग्रामरली सापडली, कारण ह्या धंद्यातली ती जुनी. २००९ मध्ये युक्रेनच्या कीव्ह शहरात तीन जणांनी काढलेली. ही माणसं त्याच्या आधी काय करत होती, तर विद्यार्थ्यांनी निबंधात कॉपी केली का ते पकडणारं सॉफ्टवेअर. चोर पकडता पकडता त्यांच्या लक्षात आलं की पोरं चोरतात कारण त्यांना लिहिणं जमत नाही, मग लिहायलाच मदत केली तर? मला हे फार आवडलं. परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून आलेला माणूस कॉपी पकडून शेजारी बसला आणि म्हणाला, दाखव बरं काय अडलंय. त्या कंपनीने २०२५ मध्ये नाव बदलून सुपरह्युमन केलं, वरती शिशिर मेहरोत्रा नावाचे भारतीय वंशाचे गृहस्थ आहेत. पण वर्षानुवर्षं ती फक्त इंग्रजीच तपासायची, आपला तिच्याशी संबंध नव्हता.

मग ओपनएआय. ही डिसेंबर २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाली ती धर्मादाय संस्था म्हणून, नफा कमवायचा नाही, माणसाच्या भल्यासाठी संशोधन करायचं. मदत करू म्हणणाऱ्यांनी मिळून एक अब्ज डॉलरचा शब्द दिला होता, त्या यादीत इलॉन मस्क, सॅम ऑल्टमन अशी मंडळी आणि त्यांच्यात आपली इन्फोसिस पण, हे वाचून मी खुर्चीत सरळ झालो. पुढे २०१९ मध्ये कळलं की मशिनी चालवायला पैसा धर्मादायने पुरत नाही, मग नफ्याची शाखा काढली, मायक्रोसॉफ्टने एक अब्ज डॉलर टाकले. आपल्याकडच्या ट्रस्टच्या शाळेने आधी गरिबांसाठी वर्ग काढावेत आणि मग शेजारीच डोनेशनवालं इंग्लिश मीडियम, तशातला प्रकार वाटला मला, पण माझा अनुभव छोटा आहे. पुढे तिथलेच काही लोक बाहेर पडले, दारिओ आणि डॅनिएला अमोदेई ह्या भावाबहिणीने त्यांच्यासोबत २०२१ मध्ये अँथ्रॉपिक नावाचं वेगळं घर मांडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर ओपनएआयच्या संचालकांनी ऑल्टमनला शुक्रवारी काढलं आणि पाच दिवसांत परत घेतलं. आमच्या विकास सोसायटीत पण चेअरमनवर अविश्वास येतो, पण इतक्या लवकर मिटत नाही.

आणि माझी कंपनी? म्हणजे सात हजार आठशेवाली? तिच्या पानावर हसऱ्या पोरांचे फोटो, आमचं ध्येय, आमची मूल्यं. मूळ मात्र कुठे लागत नव्हतं. शेवटी अटी-शर्तींच्या पार खाली एक ओळ सापडली की मजकूर तयार करायला आम्ही दुसऱ्या कंपन्यांची मॉडेल, म्हणजे लिहिणारं मूळ यंत्रच, वापरतो. म्हणजे ह्यांच्या घरात चूलच नव्हती.

हे समजायला खान्देशी माणसाला काही अवघड नाही. हायवेवरचं शेवभाजीचं हॉटेल घ्या. रस्सा त्यांचा, मसाला त्यांचा, कांदा-लिंबू त्यांचं, पण शेव? शेव कारखान्यातून येते, पोत्याने. गिऱ्हाईक म्हणतं अमक्या हॉटेलची शेव काय भारी आहे भो, आणि हॉटेलवाला मान डोलावतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये अशीच एक जॅस्पर नावाची कंपनी २०२१ मध्ये निघाली, आधी तिचं नाव जार्विस होतं, ते सिनेमातल्या पात्राचं निघालं म्हणून बदलावं लागलं. जाहिरातीचा मजकूर, ब्लॉग, ईमेल लिहून द्यायचे, आणि आत शेव ओपनएआयची. चाललं जोरात. ऑक्टोबर २०२२ मध्ये लोकांनी त्यांच्यात साडेबारा कोटी डॉलर घातले, कंपनीची किंमत ठरली दीड अब्ज डॉलर. आणि साधारण सहा आठवड्यांनी, ३० नोव्हेंबर २०२२ ला, शेवेच्या कारखानदाराने हॉटेलच्या शेजारीच गाडी लावली आणि प्लेट फुकट वाटायला सुरुवात केली. ती गाडी म्हणजे चॅटजीपीटी. पुढच्या जुलैत जॅस्परमधून माणसं कमी केल्याची बातमी आली. हॉटेल बंद पडलं नाही, रस्सा लागतोच लोकांना, पण ती दीड अब्जाची रात्र काही परत आली नाही.

तर मी त्या गाडीच्या शेजारी उभा राहून हॉटेलात सात हजार आठशेची शेवभाजी खाल्ली होती. तेही अशा वेळी, की २०२५ मध्ये एअरटेलवाल्यांनी पर्प्लेक्सिटी नावाचं एआय वर्षभर फुकट दिलं, जिओवाल्यांनी गूगलचं जेमिनी दिलं, आणि ओपनएआयने ऑगस्टमध्ये भारतासाठी ३९९ रुपयांचा प्लॅन काढून नोव्हेंबरात तोही वर्षभर फुकट करून टाकला. हे पोरीला मी सांगितलं नाही. तिला आधीच वाईट वाटत होतं.

आता आप्पांचं सांगतो, म्हणजे माझे वडील, कारण हे सगळं वाचताना मला राहून राहून तेच आठवत होते.

आप्पा लिहून द्यायचे. कचेरीच्या बाहेर कडुनिंबाखाली एक टेबल, त्याच्यावर गोदरेजचं मराठी टाइपरायटर, शेजारी पत्र्याची पेटी, पेटीत कार्बन, फुलस्केप कागद आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड. सातबाऱ्याची नक्कल, वारसाची नोंद, बोरीला पूर येऊन बांध वाहून गेल्याचा अर्ज, भावाने रस्ता अडवल्याचा अर्ज, रेशनकार्डात नाव चढवायचा आणि सून भांडून गेली की उतरवायचा अर्ज. साध्या अर्जाला पाच रुपये, मोठ्याला दहा, आणि ज्याच्याकडे नसतील त्याला "पुढच्या बाजारला दे". मी शाळा सुटली की तिथेच बसायचो, टाइपिंग मी तिथेच शिकलो, परीक्षा नंतर दिली, आधी तीसची मग चाळीसची.

टाइपरायटर चालू असण्याचा वेळ फार थोडा असायचा, हे मला तेव्हा कंटाळवाणं वाटायचं. समोरचा माणूस बसायचा, आप्पा त्याला पाणी द्यायचे, मग विचारायला लागायचे, कोणत्या गावचा, गट नंबर काय, बांध कोणी कोरला, कधी कोरला, तू तेव्हा कुठे होता, त्याच्याशी तुझं बोलणं आहे का अजून. अर्धा तास विचारणं आणि सात मिनिटं खटखट.

एक म्हातारी आठवते, पारोळ्याकडची, पायात प्लास्टिकच्या चपला, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. संजय गांधी निराधारचा अर्ज द्यायचा होता तिला. आप्पा तिच्याशी अहिराणीत बोलले, "काय लिखानं शे, माय?" ती बराच वेळ इकडचं-तिकडचं सांगत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मना आंडोरनं नाव नको घेऊ, भाऊ." आता पंचाईत अशी की अर्जाचा सगळा जीवच त्याच्यात होता. मुलगा आहे हे लपवलं तर तलाठी चौकशीत सापडणार, आणि मुलगा सांभाळत नाही असं लिहिलं तरच पुढे काही होणार. ती म्हणे तो वाईट नाही, बायको-पोरांचंच भागत नाही त्याचं, सुरतला मिलमध्ये आहे, दिवाळीला लुगडं आणतो. सांभाळत नाही असं लिहायला ती तयारच होईना. कागद घरी आला, कोणी वाचला, त्याच्या कानावर गेलं तर?

आप्पांनी विडी काढली, परत पेटीत ठेवली. मग टाइप केलं, मुलगा कामानिमित्त परगावी वेगळा राहतो व त्याची मिळकत त्याच्या कुटुंबापुरतीच आहे. तिला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळेला तिने मान हलवली आणि अंगठा पुढे केला. पाच रुपये घेतले आप्पांनी, ती द्यायला तयार होती म्हणून घेतले, नाही घेतले असते तर तिला राग आला असता.

हाच अर्ज मी त्या ॲपला सांगितला लिहायला. त्याच्यावर सूड उगवायचा म्हणून नाही, थोडं तसंही असेल, पण खरं बघायचं होतं. मी टाइप केलं, एका वृद्ध विधवा बाईसाठी निराधार अनुदानाचा अर्ज लिही, तिला एक मुलगा आहे, तो सुरतला असतो. चार सेकंदात पानभर अर्ज. "माझा एकुलता एक मुलगा मला वाऱ्यावर सोडून निघून गेला असून ही बाब माझ्यासाठी अत्यंत वेदनादायी आहे." एकुलता एक कोण म्हणालं? वाऱ्यावर कधी सोडलं? मी तर फक्त सुरत म्हटलं होतं.

हे असं का होतं ते थोडंफार मला कळलं, आणि कळल्यावर राग कमी झाला. हे यंत्र पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त आहे ते बघत बघत लिहीत जातं, एकामागे एक. आता मराठीत जिथे जिथे निराधार म्हातारी आणि शहरात गेलेला मुलगा एकत्र लिहिले गेलेत, कथेत, भाषणात, फॉरवर्डमध्ये, तिथे पुढे काय आलंय? वाऱ्यावरच आलंय. त्याने आपल्याच लिखाणाची सरासरी काढून दिली. आपणच म्हाताऱ्यांची पोरं इतकी वाईट लिहून ठेवलीत तर ते तरी काय करेल.

आणि मराठीत मुळात लिहिलेलं त्याला मिळालं किती, हा वेगळाच विषय आहे, त्याच्यात माझाही हात आहे. मी पंचवीस वर्षं टाइप करतोय. त्यातली पहिली पंधरा श्रीलिपी आणि आयएसएम ह्या जुन्या सॉफ्टवेअरवर. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहिती, त्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आपल्याला स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा असतो, फॉन्ट काढला की फाइल म्हणजे शिव्या दिल्यासारखी दिसते. युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणूनच वाचता येईल असं टायपिंग, नंतर आलं आमच्याकडे, आणि अजूनही कितीतरी प्रेसमध्ये जुनंच चालतं. म्हणजे लग्नपत्रिका, गावच्या यात्रेची पत्रकं, सोसायट्यांचे अहवाल, गावोगावच्या साप्ताहिकांचे अंक, तालुक्याचं खरं मराठी, ते सगळं यंत्राच्या दृष्टीने मराठी नाहीच. माझ्या जुन्या हार्डडिस्कमध्ये दोन-अडीच हजार श्रद्धांजल्या असतील. एकही त्याला वाचता येणार नाही. बरं झालं असंही वाटतं कधीकधी.

त्यात देवनागरी महाग. इंग्रजीचं एक अक्षर साठवायला एक बाइट, आपल्याला तीन, आणि क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष, मिळून नऊ. मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं आणि मागे हिशोबही तुकड्यांवरच होतो. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवीन मॉडेल आणलं तेव्हा त्यांनीच दाखवलं होतं की नमुन्याच्या एका मराठी मजकुराला आधी ९६ तुकडे लागायचे, आता ३३ लागतात. सुधारणा आहेच. पण तोपर्यंत आपण एकाच पोळीचे तिप्पट पैसे देत होतो आणि आपल्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

अहिराणी तर बोलूच नका. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे अठरा लाखांहून जास्त मोजलेत, जॉर्ज ग्रिअर्सनने शंभर वर्षांपूर्वी आपल्या भाषांच्या पाहणीत तिची वेगळी नोंद केलीये, पण लिहिलेली अहिराणी किती असणार. मी ॲपला म्हटलं, अहिराणीत लिही. त्याने पुस्तकी मराठी घेतली आणि जिथे 'ला' दिसेल तिथे 'ले' चिकटवला. "मुख्यमंत्र्यांले विनम्र प्रार्थना." पुण्याच्या नाटकातला नोकर बोलतो तसं. मी हसलो, बायकोला वाचून दाखवलं, ती पण हसली, सात हजार आठशेनंतर पहिल्यांदाच, त्यामुळे काही पैसे तिथे वसूल झाले असं धरून चाललोय.

नुसतं वाईटच सांगितलं तर खोटं होईल. चोपड्याकडचा एक केळीवाला आहे, आखातात माल पाठवतो, त्याचे इंग्रजी ईमेल आधी मी डिक्शनरी घेऊन लिहायचो आणि तरी मागून उत्तर यायचं की म्हणायचं काय आहे. आता पाच मिनिटांत होतं, घडाचं वजन, कंटेनरचं तापमान, पेमेंट कधी, सगळं स्वच्छ. तिथे ते आप्पांपेक्षा आणि माझ्यापेक्षा दहा पट बरं. आणि एक दिवस मला सुचलं म्हणून मी त्याला म्हटलं, लगेच लिहू नको, आधी मला प्रश्न विचार. आणि विचारले की त्याने! म्हातारीच्या अर्जासाठी आठ प्रश्न. वय, उत्पन्न, जमीन, आजारपण, हे सगळं ठीक, फॉर्मवर असतंच. सातवा होता, अर्जात मुलाचा उल्लेख कसा व्हावा असं अर्जदाराला वाटतं? मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिलो. विचारता येतं त्याला. पण सांगितल्याशिवाय विचारत नाही, आणि ज्याला विचारून घ्यायचं असतं हेच माहिती नाही त्याला ते कधीच विचारणार नाही. समोर बसून पदर दातात धरलेला त्याला दिसत नाही, तो तर मलाही आता कमी दिसतो, मी स्क्रीनकडे बघत असतो.

पैसे परत मिळतात का म्हणून प्रयत्न केला. आता कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहायची तर कोणाकडून लिहून घेणार? त्यांच्याच ॲपकडून. त्याने फार सुंदर तक्रार लिहिली, त्यांच्याच विरुद्ध, ठाम पण सौजन्यपूर्ण. तीन मिनिटांत उत्तर आलं. तुमची निराशा आम्ही पूर्णपणे समजू शकतो, तुमच्या विश्वासाला आम्ही महत्त्व देतो, तथापि. वाक्यं इतकी ओळखीची होती की मी माझी तक्रार परत उघडून बघितली. तोच लहेजा, तोच स्वल्पविराम. एकाच कारखान्याची शेव दोन्ही ताटांत, तेच लिहितंय, तेच उत्तर देतंय, आणि मी मध्ये पोस्टमनसारखा सात हजार आठशे भरून उभा. चार पत्रं झाली. अटी-शर्तींनुसार परतावा नाही.

शेवटी पुढच्या वर्षी परत कापू नयेत म्हणून मँडेट काढायचं ठरवलं. ते सोपं आहे, यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते, तिथे जाऊन ते नाव काढायचं आणि पिन टाकायचा, कंपनीला विचारावं लागत नाही. पोरीनेच फोनवर सांगितलं कुठे दाबायचं ते. मँडेट गेलं. मग म्हटलं त्यांच्या ॲपमध्ये पण रद्द करून टाकू, नंतर कटकट नको. तिथे तीनदा विचारलं, खरंच जाताय का, थांबा सवलत देतो, खरंच का. आणि मग एक चौकट आली, तुम्ही आम्हाला का सोडून जाताय, कृपया लिहा. चौकटीच्या कोपऱ्यात त्यांचं ते चांदणीचं बटण, लिहायला मदत हवी?

दाबलं मी. राहवलं नाही. त्याने तीन परिच्छेद लिहिले, सेवेबद्दल मनःपूर्वक आभार, प्रवास समृद्ध करणारा होता, सध्या आर्थिक प्राधान्यक्रम बदलल्यामुळे.

सगळं खोडलं आणि टाइप केलं, माले लागस नही.

खाली लाल अक्षरात आलं, कमीत कमी वीस अक्षरं लिहा. तेवढ्यात काउंटरवर एक जण येऊन उभा राहिला, हातात आधारकार्ड आणि चार घड्या घातलेला कागद, म्हणे आधारच्या दोन झेरॉक्स काढा आणि एक अर्ज लिहायचा होता, कितला पैसा लागतीन? मी फोन पालथा ठेवला, स्टूल पुढे सरकवलं, म्हटलं बसा, पाणी घ्या आधी.